पट्टी कोणाच्या हस्ते

निवृत्त झाल्यावर लोक बागकाम करतात, मी पूर्वज शोधायला घेतले. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवल्यामुळे मला नकाशाशिवाय चैन पडत नाही, आणि आईच्या माहेरचा नकाशा तिच्या आईपाशीच फाटलेला होता.

आई सत्त्याऐंशीची. माझा कागदांचा पसारा बघून म्हणाली, "जिवंत माणसांना फोन करायला तुला वेळ नाही, मेलेल्यांची मात्र विचारपूस!" मग म्हणाली, "शोधतेच आहेस तर एवढं बघ. माझी आई कधी गेली? म्हणजे तिच्यावर रागावणं तरी बंद करता येईल."

आई पाच वर्षांची असताना आजी घर सोडून गेली, ती परत फिरकली नाही. याहून जास्त कोणी बोलत नसे. त्या न पाहिलेल्या बाईचा मला लहानपणापासून संताप यायचा.

पालिकेच्या दप्तरखान्यात घरपट्टीची जुनी पुस्तकं होती. त्या घरासमोर दर वर्षी आईच्या आजोबांचं नाव. मी हिशेब केला आणि दप्तरदारांना ऐटीत सांगितलं, "आमचे पणजोबा एकशे दोन वर्षं जगले!"

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "ताई, माणूस जातो, पण पुस्तकातलं नाव बदलायला कोणी येत नाही. आमच्याकडे दीडशे वर्षांचेही पडलेत. खरा माणूस शेवटच्या रकान्यात बघा. हस्ते म्हणून लिहिलंय ना, तिथे. पैसे आणून भरले त्याची सही असते."

नकाशाची सूची आधी वाचा, म्हणून मी मुलांवर जन्मभर खेकसले होते. निमूटपणे पुन्हा पहिल्या पानावर गेले.

शेवटच्या रकान्यात आधी पणजोबांची सही. मग एका वर्षापासून गोलसर, सावकाश काढलेलं अक्षर. आजीचं नाव. ती घर सोडून गेली त्याच्या पुढच्याच वर्षापासून, ओळीने चौदा वर्षं. मी दोनदा मोजलं.

जी बाई घर टाकून गेली, ती त्याच घराची पट्टी का भरेल? याचं उत्तर चार दिवसांनी पणजोबांच्या मृत्युपत्रात सापडलं. आजीने घर सोडलं त्याच वर्षी ते करून पणजोबा वारले होते. मुलाच्या मारहाणीचं निमित्त करून सून निघून गेली आहे, असं त्यात लिहिलं होतं. निमित्त म्हणे! घर नातीला. मात्र सून नातीला भेटली, तर घर पुतण्याला जाईल आणि नातीला तिथे राहता येणार नाही. म्हातारा समोर असता तर मी त्याला सोडलं नसतं.

आईच्या वडिलांचा पगार घरापर्यंत कधी पोचत नसे, हे आईच सांगायची. पट्टी थकली असती तर घर लिलावात गेलं असतं. आजी भेटू शकत नव्हती, म्हणून मुलीच्या डोक्यावरचं छप्पर राखत होती.

संध्याकाळी मी दोन्ही कागदांच्या प्रती आईपुढे ठेवल्या आणि सगळं सांगितलं. ती सहीवर बोट ठेवून बसली.

"पंधराव्या वर्षी रकाना कोरा आहे," मी म्हणाले. "पुढे तीन वर्षांनी घर लिलावात गेलं. म्हणजे ती तेव्हाच गेली असणार, आई."

"नाही." आईने वर्षावर बोट नेलं. "त्या वर्षी मी घर सोडलं. मला इथलं काही नको, असं सगळ्यांना सुनावून नर्सिंगला गेले."

"मग?"

"पहिल्याच महिन्यात वसतिगृहाच्या दाराशी एक बाई आली. रखवालदार वर येऊन म्हणाला, तुमची आई आलीय. मी म्हटलं, माझी आई मेली, त्या बाईंना जायला सांगा."

न पाहिलेल्या आजीची माझ्याकडूनही माफी मागायची राहिली, एवढंच वाटत राहिलं.

"तासभर बसली होती पायरीवर," आई म्हणाली. "मी खिडकीतून बघत होते."

तिने कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली.

"ती पुढे कुठे राहिली, ते पण त्या पुस्तकांत असेल ना?"

"असेल. शोधायला वेळ लागेल."

"लागू दे. उद्या मलाही घेऊन चल. तिची पट्टी कोण भरत होतं, ते मला बघायचंय."