पळसपानी मोटार

या मंडळी, असे पुढे सरकून बसा. बुवा अजून देवळाच्या पायऱ्या चढताहेत, पखवाजाला कणीक लागायची आहे. तेवढ्यात एक गोष्ट सांगतो. देवादिकांची नाही, राजाराणीची नाही. आपल्या नागपूरच्या इतवारीतल्या एका बाईची आणि एका मोटारीची आहे. ऐका, आणि शेवटी एक मागणं मागेन, त्याला नाही म्हणू नका.

तर रामाजी रंगाऱ्याने ओसरीवर पत्र्याचे तीन तुकडे ओळीने मांडले होते आणि वसंतराव त्यांच्याकडे बघायलाही तयार नव्हते.

"काळा मार म्हटलं ना गा तुले? पोरीच्या पाठवणीले हे मोटार पारशिवनीले जाईन, मालगुजार व्याह्याच्या दारात. तिथं हा पालापाचोळा नेऊन उभा करू काय?"

"मले काय जी मालक, काळा म्हणसान तर काळा मारतो, गुलाबी म्हणसान तर गुलाबी," रामाजी म्हणाला. "पण उत्तराबाईनं निरोप धाडला, का खालचा रंग तसाच ठेवाचा अन् वरून बिनरंगाचा हात द्याचा, काचेवानी. म्हणून नमुने आणले."

उत्तरा, म्हणजे वसंतरावांची लेक, खांबाला टेकून उभी होती. नवरी मुलगी, त्या महिन्यापुरता तिचा शब्द घरात चालत होता आणि तिला ते ठाऊक होतं.

"बाबा, मी जाईन तर त्याच हिरव्या मोटारीतून जाईन. मोठ्याबाबांच्या रंगाच्या."

"मोठ्याबाबांच्या रंगाच्या!" प्रेमिलाबाई, तिची आई, सूप आपटत म्हणाल्या. "गेलेल्या माणसाचा रंग घेऊन सासरी जाते का कोणी? कोणं शिकवलं वं तुले हे?"

बोलताना त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. दाराआड यमुताई, वसंतरावांची विधवा वहिनी, उभी होती. शिकवलं कुणीच नव्हतं. पण तिच्या मांडीवर वाढलेल्या पोरीला न शिकवता कळलं होतं.

मोटार यमुताईच्या नवऱ्याची. मनोहरराव जवसाचे अडत्ये. दुकान इतवारीत, भाऊ हाताखाली. विलायतेला परत निघालेल्या एका गोऱ्या साहेबाकडून त्यांनी ती घेतली, तेव्हा तिचा रंग उडालेला होता. मनोहररावांनी भर उन्हाळ्यात, धोतराचा काचा मारून, ती स्वतः रंगवली. पळसाच्या जून पानाचा तो हिरवा नेमका साधेपर्यंत चार डबे वाया घालवले. मग दारावरून एक पिवळी बारीक रेघ ओढायला घेतली. श्वास रोखून ओढत होते. यमुताई तेव्हा नवी, अल्लड. मागून आली आणि ओला हात त्यांच्या मानेवर ठेवला. रेघ थरथरली. दाराच्या कडीपाशी तिला एक वळसा पडला.

ती घाबरली. मनोहरराव हसले. "राहू दे वं. लोक म्हणतील रंगाऱ्याले उचकी लागली. आपल्याले माहीत राहीन."

त्या माणसाला पुढे तापाने नेलं. मूलबाळ नव्हतं. दुकान, घर, मोटार, सगळं वसंतरावांकडे आलं. त्यांनी वहिनीला उपाशी ठेवलं नाही, हे खरं सांगायला पाहिजे. पण दिवस झाल्यावर प्रेमिलाबाई तिला म्हणाल्या, "बाई, आता गाडीले हात नका लावत जाऊ. शुभकामाची गाडी होय." यमुताईने मान हलवली. मान हलवण्याची सवय तिला तेव्हापासून लागली.

आणि तरी ती हात लावत होती. दुपारी घर निजलं की ती गाडीखान्यात जायची. पदराखाली वाटीत जवसाचं तेल, त्यात बुडवलेला बोळा. तिचं माहेर पारशिवनीकडचं. बाप बैलगाडीच्या जुवाला आणि धुऱ्यांना हेच तेल पाजायचा, म्हणून लाकूड वर्षानुवर्षं तडकत नसे. लाकडाला जे पोसतं ते रंगाला का नाही पोसणार? तिने रेघेवरून, दारावरून, टपावरून बोळा फिरवावा, मग कोरड्या फडक्याने पुसावं. हिरवा रंग तेल पिऊन गडद व्हायचा, तो आताच लावल्यासारखा. कीर्तनात मृदंग भरात आला म्हणजे माणूस जसा स्वतःला विसरतो, तशी ती तिथे विसरायची. किती वर्षं हे चाललं, तिने मोजलं नाही.

असो. बुवा पूर्वरंग लांबवतात, आपण लांबवू नये.

उत्तराने हट्ट सोडला नाही आणि वसंतरावांनी शेवटी हात झटकले. "करा तुमच्या मनाचं. पण चमकली पाहिजे. नाही चमकली तर काळी."

तिन्ही पत्रे उत्तराने आत आणून यमुताईच्या पुढ्यात ठेवले. "मोठीआई, तूच सांग. मले यातलं काही समजत नाही." रामाजीने प्रत्येक पत्र्यावर जुन्या हिरव्यासारखा रंग लावून वर वेगवेगळा हात दिला होता. एकावर मेण, एकावर कुंचल्याने लावायचं वार्निश, आणि एकावर कलकत्त्याहून नवीनच येऊ लागलेलं, पंपाच्या फवाऱ्याने मारायचं रोगण.

यमुताईने ते तुकडे गच्चीवर वैशाखाच्या उन्हात ठेवले. लग्नाच्या पापडांवर लक्ष ठेवायचं काम तिचंच होतं, त्यामुळे कुणी विचारलं नाही. पापडांबरोबर ती पत्रेही उलटसुलट बघायची. आयुष्यात कुणी तिला निवडायला सांगितलेली ही पहिली गोष्ट. लुगडं सासू निवडायची, भाजी जाऊ निवडायची. ती त्या तीन तुकड्यांपुढे देवापुढे बसावं तशी बसायची.

रामाजी विचारायला आला तेव्हा ती दाराआडून बोलली. "मेण नाही चालत गा रामाजी. पाघळलं. सारी धूळ खाल्ली त्यानं."

"नाहीच चालत जी. नागपूरच्या उन्हात मेणाच्या मोटारीवर तुमचे पापडबी चिकटतीन." रामाजी हसला. "माझं ऐकान तर वार्निश घ्या, बाई. घोडागाड्यांले मी तेच लावत आलो. हातात बसलं आहे माझ्या. वाळाले वेळ लागते, पण दगा नाही देत."

"ते पिवळं पडते."

"थोडं पडते."

"मंग हिरवा हिरवा नाही राहणार. अन् पिवळ्यावर पिवळं आलं तर रेघ दिसन का?"

तिच्या मनात आणखी एक होतं, ते ती बोलली नाही. वार्निशाला कुंचला लागतो. मनोहररावांच्या हातानंतर त्या रेघेवर दुसऱ्या कुणाचा कुंचला फिरायला नको होता. फवारा वरून येतो, पावसासारखा. अंगाला हात लावत नाही.

"ते कलकत्त्याचं मार," ती म्हणाली.

"जशी तुमची मर्जी. मीबी दोनच मोटारींवर मारलं ते आतापर्यंत. चांगलं बसलं." मग रामाजी ओसरीकडे वळला. "मालक, एक सांगून द्या जी. या रंगावर कधी काही लावलं का कोणं? तेल, मेण, काही?"

"कोण लावते बाप्पा?" वसंतराव सुपारी कातरत म्हणाले. "दादा गेले तवापासून कोणं बोट नाही लावलं."

"लावाचं कामच नाही कोणाले," प्रेमिलाबाई म्हणाल्या.

दाराआड यमुताईचे ओठ उघडले. मंडळी, इथे थांबा जरा. एक वाक्य होतं. पण लग्न आठ दिवसांवर आलेलं. विधवेने शुभकामाची गाडी इतकी वर्षं चोरून चोळली हे कळलं असतं, तर उद्या उत्तराच्या संसारात साधी शिंक आली तरी ती यमुताईच्या पदरात पडली असती. आणि तेल तर तेलच. तेलाने कधी कुणाचं वाईट झालंय? तिने ओठ मिटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामाजीने मोटार रिठ्याच्या पाण्याने धुतली, पुसली, वाळवली. धूळ उडू नये म्हणून अंगणात सडा घातला. पंपाचा भाता फुसफुसू लागला. यमुताई स्वयंपाकघराच्या जाळीतून बघत होती. हात फिरत गेला तशी मोटार उजळत गेली. टप, मागचा भाग, दार. रेघ अशी झळकली की जणू ओढणारा माणूस आत्ताच कुंचला धुवायला गेलाय. कडीपाशी तो वळसा. यमुताईच्या मानेवर काटा आला.

"मोठीआई, पाह्य ना!" उत्तरा ओरडली. "आरसा झाला!"

आरसा फार टिकला नाही. तापल्या दुधावर साय धरावी आणि फुंकरीने ती सरकावी, तसं दारावरचं रोगण हललं. आधी एक सुरकुती. मग शेजारी दुसरी. खालचा हिरवा रंग फुगला, उचलला गेला, भाजलेल्या कातडीसारखा गोळा झाला. पिवळी रेघ आक्रसली आणि तीन ठिकाणी तुटली. रामाजीने पंप टाकला आणि फडकं घेऊन धावला. फडक्याबरोबर रंगाची सालं निघाली.

"काय केलं गा हे?" वसंतराव धावत आले. "काय मिसळलं त्यात?"

"काही नाही जी मालक, मायची आन! हाच डबा, हाच पंप..."

"राकेल मिसळलं तुनं! डबा इकाले ठेवला अन् पाणी मारलं माह्या मोटारीवर!" त्यांनी रामाजीची बंडी धरली. बंडी टरकली. "पुऱ्या इतवारीत सांगतो. उद्यापासून कोणी तुले दारात उभा नाही करणार. चाल कोतवालीत!"

रामाजी पन्नाशीचा माणूस. धाकट्या माणसाच्या मुठीत बंडी, आणि काय बिघडलं ते त्याला स्वतःलाच उमगत नव्हतं.

तेव्हा यमुताई अंगणात आली. पुरुषमाणसं उभी असताना ती त्या अंगणात कधी आली नव्हती. डोक्यावरचा पदर तिने नीट घेतला.

"सोडा त्याले, भाऊजी. तेल मी लावत होती."

"कायचं तेल?"

"जवसाचं. दुपारी. ते गेले तवापासून."

रामाजीने दाराला बोट लावलं, नाकाशी नेलं. मग तो हळूच म्हणाला, "इचारलं होतं ना जी मी, बाई. तेल मुरलेला रंग या रोगणानं उकलते." त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"पाहा!" प्रेमिलाबाईंनी कपाळाला हात लावला. "नाही म्हटलं होतं मी. लग्नाच्या घरात..."

"आई, चूप राय," उत्तरा म्हणाली, पण तिचा आवाज रडका झाला होता आणि रडक्या नवरीचं कुणी ऐकत नाही.

वसंतरावांनी रामाजीची बंडी सोडली. ते ओरडले नाहीत. एखाद्या गिऱ्हाइकाला भाव सांगावा तसं म्हणाले, "दादाले मी नाही पुसून टाकलं, वहिनी. मी तर राहू देत होतो. तुम्हीच पुसलं." आणि रामाजीला: "खरवड. आता पत्रा दिसला पाहिजे. मंग काळा."

दिवसभर खरवडण्याचा आवाज चालला. यमुताईने त्या आवाजात कणीक मळली, पोळ्या लाटल्या, पंगत वाढली. संध्याकाळच्या उन्हात फक्त दार उरलं, आणि दारावर कडीपाशी तो वळसा, तुटक्या रेघेचा बोटभर तुकडा. रामाजीने हातातलं पातं थांबवलं आणि जाळीकडे पाहिलं.

"बाई," तो खालच्या आवाजात म्हणाला, "एवढा तुकडा ठेवून वरून काळा मारला तर खाली राहीन. कोणाले नाही दिसणार."

यमुताई जाळीपाशी आली. तिने त्या तुकड्याकडे पाहिलं.

"तिथं उद्या पुन्हा फुगन ना?"

"फुगन. तेल मुरलं आहे त्यात."

"मंग काळाबी बिघडन. अन् पुन्हा तुह्या बंडीले हात लागन." ती म्हणाली, "काढ. थांबू नको."

त्याने काढला. हिरवा-पिवळा चुरा अंगणात पडला आणि कोंबड्यांनी तो दाणा समजून टोचून बघितला.

मोटार आता उघड्या पत्र्याची, भादरल्यासारखी उभी होती. रामाजीने सामान आवरलं आणि प्रेमिलाबाईंना म्हणाला, "मालकीण, काही पांघरूण द्याले पाहिजे जी. आभाळ आलं आहे. चार थेंब पडले तर उघडा पत्रा सकाळपर्यंत गंजून तांबारते."

"लग्नाच्या सतरंज्या देऊ काय त्याच्यावर टाकाले?" प्रेमिलाबाई आत निघून गेल्या.

यमुताईने कुणाला विचारलं नाही. ती आपल्या खोलीत गेली, अंथरुणावरची गोधडी आणि घोंगडी उचलली आणि अंगणात आली. आता तिला हात लावू नका म्हणणारं कुणी नव्हतं. मोटारीवर शुभ काही उरलंच नव्हतं. तिने घोंगडी टपावर टाकली. गोधडी दारावर घेतली, कडेकडेने खोचली, वाऱ्याने उडू नये म्हणून खाली दगड ठेवले. पोर तापाने फणफणत असताना आई पांघरूण सारखं करते, तसं तिने एकदा वरून हात फिरवून सगळं सारखं केलं. मग ती आत गेली आणि उघड्या फरशीवर पडून राहिली.

उत्तरा काळ्या मोटारीतून पारशिवनीला गेली. मोटार चांगली चमकत होती, सगळे म्हणाले. नवरीची ओटी भरायला सवाष्णी पुढे होत्या. यमुताई आत भांडी मोजून घेत होती; ते काम कुणीतरी करायला हवंच होतं.

मंडळी, बुवा गादीवर बसले, आता आवरतो. कीर्तन संपेल, आरतीचं तबक तुमच्यापुढे येईल. ज्योतीवरून हात फिरवून तुम्ही तो आपल्या डोळ्यांना लावाल, लेकरांच्या डोळ्यांना लावाल. तेव्हा आणखी एकदा हात फिरवा आणि मनात एवढंच म्हणा, हा हात यमुताईच्या नावाचा.