लाल शाईतला शेरा

माझे पणजोबा गेनबा अंगठा उठवीत. आजोबा शंभू छप्पन्न साली दीक्षा घेऊन आले आणि सही शिकले. वडील ज्ञानदेव खडकीच्या कारखान्यात पहारेकरी होते. वाचता येत नसूनही घरी इंग्रजी वर्तमानपत्र आणीत. त्यांची मी कांता, घराण्यातली पहिली कारकून.

अठ्ठ्याऐंशी साली मी मुख्य लिपिकाच्या परीक्षेसाठी अर्ज केला. साहेबांनी लाल शाईत एकच शब्द लिहून तो परत पाठवला: प्रिझम्प्च्युअस.

अर्थ विचारायला शेजारच्या हेमाताईंकडे गेले. त्या शाळेत इंग्रजी शिकवीत.

"हक्क नसताना तो आहे असे धरून चालणारी," त्या म्हणाल्या. "आपल्या भाषेत, आगाऊ. शब्द चांगला आहे, वापरला चुकीच्या जागी. वरच्या कार्यालयाकडे पुन्हा अर्ज कर. उद्यापासून सहाला शिकायला ये."

"फी?"

"मागेन तेव्हा दे."

वर्षभर त्यांनी मला रोज एक तास शिकवले. मी उत्तीर्ण झाले आणि अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. माझ्या मुलांच्या शिक्षणात त्या तासाचा वाटा आहे, हे मी मुलांना कधी विसरू दिले नाही. फी मात्र ताईंनी मागितलीच नाही. ते देणे डोक्यावर ठेवून मरायचे नाही, असे मी ठरवले होते.

गेल्या वर्षी कळले, की वारज्यात एकट्या राहणाऱ्या ताईंची दृष्टी गेली. मी घरातली एक खोली रंगवून घेतली, पलंग आणला आणि नात मैत्री हिला घेऊन टेम्पोसह त्यांच्या दारात उभी राहिले.

"ताई, सामान बांधू या. आजपासून आपण आमच्याकडे."

"मला विचारलेस केव्हा?"

"त्यात विचारायचे काय?"

"कांता, तुझ्या साहेबांचा तो शब्द आठवतो? आज बरोबर जागी बसला."

मैत्रीने हसू दाबले. घरात माझ्या शब्दाबाहेर कोणी जात नाही. पण ते सांगण्याची ही वेळ नव्हती. मी टेम्पो परत पाठवला.

"मग मी काय करू, ताई?"

"फी दे. रोज एक तास इंग्रजी वर्तमानपत्र वाचून दाखव. वर्षभर."

मी रोज सहाला वारज्याला जाऊ लागले. उच्चार चुकला की त्या काठी आपटत.

काल वर्ष पूर्ण झाले. मी वर्तमानपत्राची घडी घातली.

"ताई, आपली परवानगी असेल तर उद्याही यावे म्हणते."

"ये," त्या म्हणाल्या. "पण फी म्हणून नको. ती पूर्ण पोचली."