ओठाला न लावलेलं पान

सशांना घालायचा भाजीचा कचरा गोळा करताना दोनाताच्या बोटांखाली एक देठ गुळगुळीत लागला.

तिने आज जेवणाला शिजवलेल्या बोराजिनेचा देठ असा नसतो. त्या रानभाजीला वरपासून खालपर्यंत बारीक काटेरी लव असते. कच्चं पान ओठावरून फिरवलं की झोंबतं. शिजलं की लव विरून जाते आणि पान लोण्यासारखं होतं. म्हणून तर दोनाता सात वर्षांची असताना आईने तिला बांधावर बसवून बजावलं होतं, "जे पान ओठाला चावत नाही, ते ओच्यात टाकायचं नाही." कारण त्याच बांधावर, तसंच जमिनीला चिकटून, मांद्रागोराही उगवतं. त्याची पानं गुळगुळीत. ते खाणाऱ्याच्या तोंडाला आधी कोरड पडते, मग तो नसलेल्या माणसांशी बोलू लागतो, आणि मग काळीज उधळतं.

तिने तो देठ ओठावर फिरवला. चावला नाही. कचरा चिवडला, तर तसाच आणखी एक निघाला.

सत्तर वर्षांत तिची अशी चूक झाली नव्हती. पण आज सकाळी तिच्या हातांत पिवळे रबरी मोजे होते. सून ओर्नेलाने आणून दिलेले. "आई, बोटांची सालटी निघालीत तुमची. आता तरी ऐका माझं!" फेब्रुवारीचा गारठा, ठणकणारे सांधे, मोज्यांत बोटं ऊबदार राहिली. पान ओठाशी नेलं की रबराचा वास यायचा. दोन-तीन पानांनंतर तिने नेणंच सोडून दिलं होतं.

तिने स्वतः अजून जेवण केलं नव्हतं. नवऱ्याचं आवरल्यावर पातेलं भाकरीने पुसून खायची तिची सवय. तो, कोस्ताबिले, मात्र बाराच्या ठोक्याला बसून दोन वाडगे जेवून चालायला बाहेर पडला होता. नोव्हेंबरात त्याच्या छातीत कळ आली, तेव्हापासून शहरातल्या डॉक्टरने त्याचं डुकराचं सॉसेज बंद केलं होतं. "तुमचे आजोबा जे खायचे तेच खा," तो म्हणाला होता. "रानभाजी, घेवडा, मक्याची भाकरी, वरून कच्चं ऑलिव्ह तेल. आणि जेवून चालायला जा."

"आजोबांना सॉसेज मिळत नव्हतं म्हणून ते खायचे," कोस्ताबिले कुरकुरला होता. "मला मिळतंय, तर बंद!" पण गुमान खाऊ लागला होता. तीन महिन्यांत त्याचा पट्टा दोन भोकं आत गेला. चढण चढताना धाप लागेनाशी झाली. आणि त्याच भाजीत आज आपण काय शिजवलं?

वरच्या मजल्यावर ओर्नेलाचं शिवणयंत्र खडखडत होतं. एक हाक मारायची होती. दोनाताच्या तोंडून ती निघेना. मागच्या वर्षी ती टेकडीवरच्या बांधावर पडली तेव्हा सुनेने सांगितलं होतं, "आणखी एकदा काही झालं ना, आई, तर टेकडी बंद." टेकडी बंद म्हणजे उरलं काय? खुर्ची आणि खिडकी. दोन्ही देठ रुमालात बांधून ती एकटीच निघाली. आधी त्याला बघू. कदाचित काहीच झालं नसेल. कदाचित पान पातेल्यात पडलंच नसेल.

कोपऱ्यावर नणंद जेरार्दा पायरीवर घेवडा निवडत बसली होती. "काय गं, नवरा पळाला की काय?"

"गेला का इकडून?"

"गेला. झऱ्यावर घोड्यासारखं पाणी पीत होता. मी म्हटलं, बायकोने मिठाचा डबा उपडा केला वाटतं!"

म्हणजे तोंडाला कोरड पडली होती. दोनाता चढण चढू लागली. गुडघे वाजत होते, पण ती थांबली नाही.

कोस्ताबिले झऱ्याच्या कठड्यावर बसला होता. चेहरा लालबुंद. तिला पाहून हसला.

"अगं, तू कशाला आलीस? पळून नाही जात मी."

"वर बघ. माझ्याकडे बघ."

त्याने पाहिलं. भर उन्हात त्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या काळ्याभोर, मोठ्या झाल्या होत्या. तपकिरी रंगाची नुसती कड उरली होती.

"घशात बोट घाल. आत्ताच्या आत्ता."

"वेडी झालीस का? दोन वाडगे चवीनं खाल्लेत मी." तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत तो म्हणाला, "या बकऱ्या कुणाच्या? साऱ्या रस्त्यात पसरल्यात."

रस्ता मोकळा होता.

आता टेकडी नको होती, खुर्ची चालली असती, खिडकी चालली असती. दोनाता उताराकडे वळली आणि छाती फुटेस्तोवर ओरडली, "ओर्नेला! गाडी काढ! मी याला मांद्रागोरा घातलंय!"

सगळ्या गल्लीने ऐकलं.

गाडीत ती मागे त्याला धरून बसली. तो मेलेल्या भावाशी बोलत होता, मध्येच दार उघडू पाहत होता. त्याच्या छातीवर ठेवलेल्या तिच्या हाताला आतून धडका बसत होत्या. ओर्नेला प्रत्येक वळणावर आरशात पाहत होती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी जुना आजार विचारला. "हृदय का?" दोनाताने रुमाल उघडून पुढे केला. "हृदय नाही. हे. मीच शिजवलं."

बाईंनी देठ पाहिले आणि परिचारिकेला हाका मारत आत धावल्या. तासाभराने बाहेर आल्या. "हे आणलंत म्हणून वाचले. नाहीतर आम्ही त्यांचं काळीजच तपासत बसलो असतो."

दोनाताला बाकावर बसवताना ओर्नेलाला तिच्या ॲप्रनच्या खिशातून डोकावणारे पिवळे मोजे दिसले. त्यांच्या बोटांवर हिरवे डाग होते. ओर्नेलाचा चेहरा पांढरा पडला.

"आई... हे घालून तोडली?"

"मोजे तुझे," दोनाता म्हणाली, "पण आत हात माझे होते, पोरी."

चौथ्या दिवशी कोस्ताबिले घरी आला. डोळ्यांतल्या बाहुल्या अजून थोड्या मोठ्याच होत्या. उंबरठ्यावरच त्याने विचारलं, "आज जेवायला काय?"

"रानभाजी," ओर्नेला म्हणाली. "आम्ही दोघी आणतो." तिने टोपली उचलली आणि सासूची वाट पाहत उभी राहिली.

बांधावर ओर्नेलाने पहिलं पान उघड्या हाताने तोडून ओठावर फिरवलं. "आई गं! चावलं."

दोनाताने तिच्या हातातून ते घेतलं. आपल्या ओठावर फिरवलं. चावलं. पुन्हा फिरवलं. मग टोपलीत टाकलं, आणि लगेच परत उचलून तिसऱ्यांदा पाहिलं.

उन्हं कलू लागली तरी टोपली अर्धीही भरली नव्हती. ओर्नेलाने घाई केली नाही.