घरच्या कोंबड्या

सुनेने त्या सकाळी एवढंच केलं, मागचं छोटं खुराडं घासायला काढलं आणि त्यातल्या कोंबड्या तेवढ्यापुरत्या मोठ्या शेडमध्ये सोडल्या. नवी नवरी ती, तिला कोण सांगणार? खुराडं लखलखीत करून वळते तो काय, पांढऱ्याशुभ्र गर्दीत त्या कुठे मिसळल्या ते देवालाही सांगता आलं नसतं.

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "अगं बाई, काय करून बसलीस! घरच्या आणि बाजारच्या एक केल्यास?"

"आई, पिल्लं एकाच गाडीतून आलेली. खाद्यही एकच."

"खाद्य एक गं, पाणी वेगळं!" सासूबाई बोलून गेल्या आणि मग त्यांनी जीभ चावली.

सुनेच्या जिवाला घोर लागला. शेडमधल्या कोंबड्यांची छाती घरघरत होती म्हणून डॉक्टरांनी पुड्या दिल्या होत्या आणि नवरा त्या पाण्याच्या टाकीत सोडत होता. पण डॉक्टर तिच्या देखत बजावून गेले होते, की औषध आतड्यातून रक्तात जातं, मांसात आणि यकृतात पोचतं, आणि अंगाबाहेर पडायला त्याला वेळ लागतो. पुड्या संपल्या की साधं पाणी पाजा, मी सांगितलेली मुदत भरल्याशिवाय एकही पक्षी विकू नका. पुडी तर कालच पडली होती. आणि व्यापाऱ्याची गाडी आज यायची होती.

तिने नवऱ्याला गाठलं. तो वजनकाटा पुसत होता.

"शिजवलं की जातं सगळं," तो म्हणाला.

"मग आपण शिजवून का खात नाही?"

नवऱ्याने हातातलं फडकं काट्यावर आपटलं. "शहाणपण नको शिकवूस. गाडी परत पाठवली तर तो पुन्हा दारात यायचा नाही. एवढे पक्षी काय मांडीवर घेऊन बसू?"

तेही खोटं नव्हतं. सून चुलीपाशी जाऊन बसली, उठली, पुन्हा बसली. कशातच मन लागेना.

तेवढ्यात नणंद आली. पोट चांगलं दिसू लागलं होतं, चेहऱ्यावर तेज होतं. आल्या आल्या तिने पातेल्याचं झाकण उचललं. "हे काय, नुसती भाजी? लेक माहेरी आली आणि कोंबडी नाही?"

"आज नको गं बाळा," सासूबाई पुटपुटल्या. "घरच्या कोंबड्या शेडमध्ये मिसळल्यात. तुझे दिवस हे असे, तुला ते औषधाचं कशाला?"

नणंद हसायची थांबली. "आई, तिकडे आमच्याकडे दर रविवारी कोंबडी असते. आमच्या गल्लीतल्या दुकानात हीच गाडी येते. दुकानदार मला वर हसून सांगतो, घ्या ताई, तुमच्या घरचाच माल."

सासूबाईंनी पातेल्यावर झाकण परत ठेवलं. लेकीच्या पोटाकडे बघवेना आणि दुसरीकडेही बघवेना. इतकी वर्षं त्या फक्त स्वतःचं ताट जपत आल्या होत्या!

बाहेर हॉर्न वाजला. सासूबाई तरातरा गेल्या आणि शेडची कडी लावून दाराला पाठ टेकून उभ्या राहिल्या.

"मुदत भरल्यावर या," त्या व्यापाऱ्याला म्हणाल्या.

"मावशी, सगळेच देतात. तुम्ही एकट्याच कुठून हरिश्चंद्र निघालात?"

"आजपर्यंत मीही दिलेत. आज नाही."

"मग पुन्हा बोलावू नका."

"आई!" नवरा ओरडला. कुणी त्याच्याकडे वळून पाहिलं नाही. सून जाऊन सासूबाईंच्या शेजारी उभी राहिली.

गाडी धूळ उडवत निघाली आणि लगेच शेजारच्यांच्या शेडपाशी थांबली. पिंजरे उतरू लागले. कोंबड्यांचा कलकलाट इथवर ऐकू येत होता. नणंद उंबऱ्यात उभी राहून ते बघत होती. "संध्याकाळी आमच्या गल्लीत पोचतील ह्या," ती म्हणाली.

सुनेने पायांत चपला सरकवल्या.

"आता कुठे निघालीस?" नवऱ्याने विचारलं.

"शेजारी. तुम्ही स्वतः ह्यातली कोंबडी खाता का, एवढंच विचारून येते."