शेणखड्ड्याची वाटाघाट

दूध संघाच्या कॅलेंडरवर काकूंचा फोटो छापला होता. तो काढताना ऊन नेमकं डोळ्यांवर आलं होतं, त्यामुळे कपाळाला आठ्या पडल्या होत्या आणि ओठ मुरडले गेले होते. मागे उभी असलेली गाय मात्र प्रसन्न दिसत होती. हा फोटो व्यापार खात्यातल्या एका सल्लागाराच्या नजरेस पडला आणि त्याने तिथल्या तिथे ठरवून टाकलं: शेजारच्या देशाशी दुधाच्या जकातीची बोलणी व्हायची आहेत, तिथे आपल्या शेतकऱ्यांचा चेहरा म्हणून याच बाई हव्यात.

खरं तर संघाचे अध्यक्ष जायला टपून बसले होते. त्यांनी नवा कोटही शिवून घेतला होता. पण सल्लागाराने त्यांना वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि अतिशय नम्रपणे सांगितलं की तुमच्याकडे बघून दुधाच्या धंद्यात कुणाचं नुकसान होतंय असं वाटत नाही. अध्यक्षांनी पोट आत ओढून पाहिलं, पण मग त्यांना बोलता येईना.

काकूंची अडचण वेगळीच होती. त्या मुळात हसऱ्या. धार काढताना गाईशी गप्पा मारणाऱ्या, रस्त्यात कुणी ओळखीचं दिसलं की सायकल थांबवणाऱ्या. सल्लागाराने त्यांची शिकवणीच घेतली. बोलायचं काही नाही, नुसतं बसायचं, आणि चेहरा पडलेला ठेवायचा. काकूंनी विचारलं, किती वेळ? जकात वाढेपर्यंत, असं उत्तर मिळालं. काका म्हणाले की हिला गप्प बसवायला अख्खं सरकार लागलं, यात काही नवल नाही. मग ते गोठ्यात गेले आणि कुठल्या गाईला किती पेंड घालायची ते काकूंना पुन्हा एकदा विचारून आले.

बोलणी एका मोठ्या इमारतीत होती. गालिचा इतका जाड की आपण चालतोय की रुततोय ते कळू नये. अधिकारी आत गेले, दार बंद झालं, आणि काकूंना शेजारच्या खोलीत सोफ्यावर बसवलं गेलं. समोरच्या सोफ्यावर एक उंच, हडकुळा माणूस तोंड पाडून बसला होता. पलीकडच्या देशानेही आपला शेतकरी आणला होता. काकूंनी मनातल्या मनात त्याचं नाव लंबूदादा ठेवलं. दोघांच्या मधल्या खुर्चीत एक दुभाषी मुलगी होती. या दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही असं वरून सांगितलेलं असल्यामुळे तिला काहीच काम नव्हतं, आणि ती नखं बघत बसली होती.

काकूंना पलीकडच्यांबद्दल बरंच काही सांगून ठेवलेलं होतं. ते लोक शेण थेट नदीत सोडतात, त्यांना नदीची चाड नाही, म्हणून त्यांचं दूध स्वस्त पडतं. पण दादाच्या अंगठ्याला पट्टी होती, आणि आतली जखम कशाने झाली हे काकूंना बघताक्षणी कळलं होतं. शेवटी त्यांना राहवेना. त्यांनी दुभाषी मुलीला म्हटलं, "विचार गं त्यांना, दाव्यात सापडला ना अंगठा?"

सापडलाच होता. नव्याने विकत घेतलेली गाय, दावं गुंडाळताना तिने एकदम हिसका दिला. मग काकूंनी आपल्या मनगटावरची जुनी खूण दाखवली, आणि दोघांची गाडी रुळावर आली. गाभण गाई, सडाची सूज, वासरांची हगवण. मुलगी भराभर इकडचं तिकडे करत होती. सकाळपासून पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर तरतरी आली होती. बोलता बोलता काकूंनी त्यांचं गाव विचारलं. ते निघालं सीमेलगत, नदीच्या वरच्या अंगाला. काकूंचं गाव त्याच नदीच्या खालच्या अंगाला.

काकूंचा चेहरा आता खराखुरा पडला.

"म्हणजे पावसाळ्यात आमच्या पाणवठ्यावर येतं ते शेण तुमचं," त्या म्हणाल्या.

मुलगी घुटमळली. जरा सौम्य करून सांगू का, असं तिने विचारलं. काकू म्हणाल्या, आहे तस्सं सांग.

दादा कानापर्यंत लाल झाले. त्यांनी अंगठ्याची पट्टी चाचपली. मग सांगितलं की शेणमुताचा खड्डा कच्चा आहे, मोठा पाऊस आला की फुटतो, आणि प्रत्येक वेळी लाज वाटते. खड्ड्याला तळाशी जाड प्लास्टिकचं अस्तर घालायला त्यांनी सरकारकडे मदत मागितली होती. ती मंजूरही झाली होती. मग अडकली, कारण पलीकडच्या दूध संघाने हरकत घेतली. अशी मदत मिळाली तर यांचं दूध आणखी स्वस्त होईल, असं त्यांचं म्हणणं.

पलीकडचा दूध संघ म्हणजे काकूंचाच. त्यांना तो ठराव आठवला. सभा लांबली होती, धारांची वेळ टळत होती, आणि अध्यक्षांनी अनुमोदन कोण देतंय विचारल्यावर लवकर सुटका व्हावी म्हणून काकूंनीच हात वर केला होता. त्यांनी ते सांगून टाकलं. मुलीने ते दादांना सांगितलं. मग दादा म्हणाले, गुरं नदीत उतरू नयेत म्हणून खालच्या गावांना काठावर कुंपणासाठी मदत मिळणार होती, ती आमच्या संघाने अशीच अडवली. काकूंच्या काठावर आजही नुसते खांब उभे होते, तारेविना. त्या खांबांवर बगळे बसत.

आधी कोण हसलं ते सांगता येणार नाही. पण सल्लागार दार उघडून बाहेर आला तेव्हा तिघंही हसत होते आणि मुलगी डोळे पुसत होती. तो घाबरून कुजबुजला, "काकू, चेहरा."

काकू उठल्या. त्यांनी सरळ मागणी केली. यांच्या खड्ड्यावरची हरकत मागे घ्या, आमचं पाणी स्वच्छ होईल. सल्लागाराने लहान मुलाला समजवावं तसं त्यांना समजावलं. ती हरकत म्हणजे आपला हुकमाचा पत्ता आहे, तो असा टाकून देता येत नाही. टाकला तर बदल्यात काय मिळेल, असं काकूंनी विचारलं. ते कुंपणावरची हरकत मागे घेतील, तो म्हणाला.

"मग दोघांनीही टाका की," काकू म्हणाल्या.

सल्लागाराने चष्मा काढून पुसला. तसं केलं तर बोलणी आजच संपतील, आणि पुढच्या सगळ्या फेऱ्यांच्या जागा तर ठरून बसल्यात, असं तो म्हणाला आणि परत आत गेला.

दुपारी करार झाला. दुधाच्या जकातीसाठी समिती, नदीसाठी समिती, हरकतींसाठी उपसमिती. मात्र काहीतरी ठोस झालं असं दिसावं म्हणून गुरांखाली अंथरायच्या पेंढ्यावरची जकात दोन्ही देशांनी पूर्ण माफ केली. पेंढा इकडून तिकडे नेणारं कुणीच नव्हतं, त्यामुळे त्यावर एकमत लवकर झालं. फोटोवाले आले. आता हसा, असं काकूंना सांगण्यात आलं, आणि त्यांना काही केल्या हसू येईना. दुसऱ्या दिवशी पेपरात त्यांचा फोटो होता. खाली लिहिलं होतं, करारामुळे गहिवरलेली शेतकरी महिला.

घरी आल्यावर काकू संघात गेल्या. अध्यक्षांनी ठराव मागे घ्यायला साफ नकार दिला. ज्या बाईने अनुमोदन दिलं तीच आता उलटली, हे त्यांनी चारचौघांत ऐकवलं. काकूंनी मुकाट्याने ऐकून घेतलं, कारण ते खोटं नव्हतं. पण त्यांच्या मागच्या पडवीत शेततळ्याला अंथरून उरलेलं काळं अस्तर गुंडाळून पडलं होतं. त्यांनी ते छकड्यात टाकलं आणि सीमेवरच्या नाक्यावर नेलं.

नाक्यावरच्या जकात अधिकाऱ्याने विचारलं, हे कशासाठी? शेणखड्ड्यासाठी, काकूंनी खरं ते सांगितलं. मग नाही जाणार, तो म्हणाला. परदेशी दुग्धव्यवसायाला मदत होते, त्यावर हरकत आहे. काकू वळल्या, दोन पावलं गेल्या, आणि परत आल्या. पेंढा नेता येईल का, असं त्यांनी विचारलं. हवा तेवढा, तो म्हणाला, पेंढा माफ आहे. फक्त ओला होऊ नये म्हणून नीट गुंडाळून आणा.

काकूंनी पेंढा आणला. पेंढा बेताचाच होता, गुंडाळलेला मात्र भरपूर होता. अधिकाऱ्याने छकड्याला एक फेरी मारली, काठीने टोचून पाहिलं.

"बाई, पेंढ्याला एवढं जाड आवरण?"

"पावसाचे दिवस आहेत, साहेब."

त्याने नदीकडे एकदा बघितलं. त्याचंही घर खालच्या अंगालाच होतं. मग त्याने शिक्का मारला.

पुढच्या आठवड्यात लंबूदादांनी तोच पेंढा परत पाठवला. तो पसंत पडला नाही, असं त्यांनी नाक्यावर सांगितलं म्हणे. गठ्ठे मात्र तारेने असे करकचून आवळलेले होते की एका गठ्ठ्याची तार सोडली तर दोन खांबांमधलं अंतर भरत होतं. काका तार सोडवत बसले, आणि एवढा घट्ट बांधलेला पेंढा आपण आयुष्यात बघितला नाही म्हणाले. पेंढा पुन्हा तिकडे गेला, पुन्हा इकडे आला. आता तो इतका कुसकरला होता की गाई त्यावर बसायला तयार होईनात.

व्यापार खात्याच्या अहवालात पेंढ्याची उलाढाल पाहून सगळे चकित झाले. कराराचं हे उघड यश होतं. काही दिवसांनी मात्र दोन्हीकडच्या खात्यांना एकाच वेळी शंका आली की समोरचा देश आपल्या बाजारात स्वस्त पेंढा ओततोय. चौकशी समिती नेमली गेली. तिच्यातला एक माणूस काकूंकडे येऊन गेला. काकूंनी त्याला चहा दिला आणि तो पेंढा दाखवला. त्याने चिमूटभर हातात घेऊन वास घेतला, आणि दर्जा असमाधानकारक, असा शेरा नोंदवला.

तेवढ्यात मोठा पाऊस झाला. दोन दिवस नदी गढूळ वाहिली, पण नुसती मातीने. पाणवठ्याला वास आला नाही. काकू कुंपणाच्या आतल्या बाजूला उभ्या राहून पाणी बघत होत्या तेव्हा फोन वाजला. ती दुभाषी मुलगी होती. लंबूदादांनी तिला मध्ये घेऊन निरोप दिला होता की खड्डा टिकला, एक थेंब बाहेर गेला नाही. आणि त्यांनी विचारलंय, मुलगी म्हणाली, कुंपणाला फाटक बसवलं का?

नाही बसवलं, काकू म्हणाल्या. गुरं आत-बाहेर करताना रोज तार सोडावी लागते, काकांची कटकट चालू असते.

पलीकडे दोघांचं काहीतरी बोलणं झालं. मग मुलीने सांगितलं की त्यांच्याकडे एक जुनं लोखंडी फाटक पडून आहे, चांगलं मजबूत आहे. फक्त ते पेंढ्याला कुठल्या बाजूने बांधावं, ते तुम्हीच सुचवा.