एक्केचाळीस स्टेशनं

पुस्तक रद्दीवाल्याच्या काट्यावर चढायच्या आधीच पेन्सिल म्हणवणाऱ्या मुलीनं ते उचललं. रेल्वेचं वेळापत्रक होतं, मागच्या वर्षीचं, पहिली चार पानं गेलेलं.

"शिळं आहे ते, पोरी," रद्दीवाला म्हणाला.

"गाड्या त्याच असतील ना पण?"

त्याला हसू आलं. पुस्तक त्यानं फुकटच देऊन टाकलं.

पेन्सिल म्हणजे उंच, काटकुळी, सरळ रेषेत चालणारी मुलगी. हे नाव तिला कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात पडलं आणि चिकटलं. तिच्या शेजारच्या टेबलाशी तिची मैत्रीण मुंगी बसायची, बुटकी आणि सदा लगबगीत. दोघी नकाशे काढायच्या कोर्सच्या शेवटच्या वर्षाला होत्या. तीन वर्षं त्यांनी घरांचे, पुलांचे, गटारांचे नकाशे काढले होते. पाठ दुखेपर्यंत ओणवं राहून दुसऱ्यांचे रस्ते आखले होते. स्वतः मात्र त्या शहराच्या वेशीबाहेर कधी गेल्या नव्हत्या.

"परीक्षा झाली की तू एकीकडे, मी एकीकडे," पेन्सिल म्हणाली. "त्याआधी एकदा गाडीत बसायचं. सगळ्यात स्वस्त गाडीत. शेवटपर्यंत."

"शेवट कुठे आहे?"

"ते पुस्तकात असेल."

मुंगीची आई शाळांचे गणवेश शिवायची. घराच्या पुढच्या खोलीत तीन मशिनं होती आणि मधोमध कापड बेतायचं लांबच लांब टेबल. दुपारी जेवणं झाली की आई आणि हाताखालच्या दोघी बायका मशिनांवर बसायच्या आणि टेबल मोकळं व्हायचं. मग या दोघी त्यावर बेतायचा खाकी कागद पसरायच्या, कोपऱ्यांवर कात्री, इस्त्री, रिळांचे डबे ठेवायच्या आणि प्रवास आखायला बसायच्या. मशिनांची घरघर एका लयीत चालू असायची. खिडकीतून आलेल्या उन्हात कापडाची पूड तरंगत असायची. त्या आवाजात टेबलच हळूहळू पुढे सरकतंय असं मुंगीला वाटायचं.

सगळ्यात स्वस्त गाडी त्यांना तिसऱ्या दिवशी सापडली. दुपारी अडीचला सुटणारी, प्रत्येक स्टेशनावर थांबणारी, दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला पोचणारी पॅसेंजर. एक्केचाळीस स्टेशनं. एक्केचाळिसाव्यापुढे रूळच नव्हते. पेन्सिलनं खडूनं कागदावर एक लांब रेघ ओढली आणि त्यावर एक्केचाळीस टिंबं दिली.

"आरक्षण नाही. हॉटेल नाही, वेटिंग रूम," ती म्हणाली. "प्रत्येकी कपड्यांचे दोन जोड. खायला पाव, उकडलेली अंडी, केळी."

"केळी चेंगरतात."

"तर मग आधी केळी खायची."

मुंगीनं संध्याकाळी गणवेशांना बटणं लावायचं काम अंगावर घेतलं. पेन्सिल दुकानांच्या पाट्या रंगवून देऊ लागली. दहा दिवसांचा बेत होता. पोचायचं, मग परत येताना मनाला येईल तिथे उतरायचं, राहायचं, पुढच्या दिवशीची तीच गाडी पकडायची.

एका दुपारी मुंगीची आत्या टेबलाशी येऊन उभी राहिली. ही आत्या लग्नाच्या फंदात पडली नव्हती. ती भावाकडेच राहायची, आणि भाऊ गेल्यावरही वहिनीनं तिला जाऊ दिलं नव्हतं. सव्वीस वर्षं तिनं स्टेशनात गाड्यांची घोषणा केली होती. मग रेकॉर्ड केलेला आवाज आला आणि तिला शाल-श्रीफळाऐवजी एक भिंतीवरचं घड्याळ देऊन निरोप दिला. घरात ती फार बोलायची नाही. पण बोलायची तेव्हा शब्द सुटे सुटे, स्वच्छ यायचे. "भाजी. खाली. लागली आहे," असं ती म्हणाली की आईला हसू आवरायचं नाही. "वन्सं, भाजी कितव्या फलाटावर लागली?" असं ती विचारायची.

आत्यानं कागदाकडे पाहिलं. पेन्सिलनं टिंबांखाली नावं लिहायला घेतली होती.

"सहावं आणि सातवं उलट झालंय," आत्या म्हणाली. "आणि बाराव्यानंतर एक राहिलं. छोटं आहे, पण गाडी थांबते तिथे."

"तुम्हाला पाठ आहेत?" पेन्सिलनं विचारलं.

आत्या स्टुलावर बसली, पाठ ताठ केली आणि म्हणायला लागली. काही नावं दोनच अक्षरांची होती, पाण्यात खडा टाकल्यासारखी. काही लांबलचक, मध्ये श्वास घ्यायला लावणारी. सलग तीन नावांचा शेवट सारखाच होता, तिथे तिचा आवाज झुल्यावर बसल्यासारखा पुढेमागे झाला. हाताखालच्या बायकांनी मशिनं थांबवली. एक्केचाळिसावं नाव संपल्यावरच ती पुन्हा सुरू झाली.

त्यानंतर आत्या रोज दुपारी यायला लागली. पेन्सिल टिंबांभोवती आत्या सांगेल तसं काढायची. नवव्या स्टेशनाच्या फलाटाखालून नदी जाते, उतारू पाय सोडून बसतात. सतराव्यावर पांढरा दीपस्तंभ आहे, समुद्र लांब असला तरी. तिसावं स्टेशन रंगाऱ्यांचं, तिथे गाडीच्या दोन्ही बाजूंना ओली कापडं वाळत असतात आणि डब्यात निळा-पिवळा उजेड पडतो. मुंगी कापडाच्या तुकड्यांच्या ढिगावर आडवी पडून ऐकायची. तिच्या डोळ्यांपुढून ते सगळं सरकत जायचं, आणि आईनं हाक मारली की आपण कुठे आहोत हे कळायला तिला थोडा वेळ लागायचा.

"आत्या, सतराव्यावर तुम्ही कधी गेला होता?" पेन्सिलनं एकदा सहज विचारलं.

"मी? कुठे गेले?" आत्या म्हणाली. "मी वरच्या खोलीत. खिडकीतून समोरच्या शेडचा पत्रा तेवढा दिसायचा. रोज तीच नावं घ्यायची, तर मनात काहीतरी येतंच ना."

पेन्सिलचा खडू हातातच राहिला. मुंगी उठून बसली.

"आणि शेवटचं?" थोड्या वेळानं मुंगीनं विचारलं. "त्याचं तू कधी काही सांगितलं नाहीस."

"त्याचं काही दिसतच नाही मला. गाडी तिथे पोचायच्या वेळेला मी घरी झोपलेली असायची. दुपारी जायचं ते पार पहाटे परतायचं ना बहुतेक."

मुंगीनं तिचा हात धरला. "चल ना आमच्याबरोबर. तिघी जाऊ."

आत्यानं हात हळूच सोडवून घेतला. "मला नको गं. माझं सगळं पाहून झालंय."

आईनं मशिनावरून मान वर करून मुंगीकडे पाहिलं. आता पुरे, असं ते पाहणं होतं.

परीक्षेच्या आधी आठवडाभर पेन्सिलच्या घरी पत्र आलं. दुसऱ्या गावातल्या मोजणीच्या कचेरीत तिला काम मिळालं होतं आणि शेवटच्या पेपरनंतरच्याच सोमवारी हजर व्हायचं होतं. तिचे बाबा इस्पितळात लिफ्ट चालवायचे. त्या दिवशी त्यांनी लिफ्टमधल्या पेशंटलासुद्धा ती बातमी सांगितली. पेन्सिल मात्र पत्र घेऊन मुंगीकडे आली ती तोंड पाडून.

"मंगळवारी पेपर, सोमवारी नोकरी. दहा दिवस कुठून आणायचे?"

मुंगीनं पत्र दोनदा वाचलं. प्रवास हुकण्यापेक्षा तिला त्या दुसऱ्या गावाचं नाव जास्त लागलं. पण ती म्हणाली, "बुधवारी निघू. गुरुवारी पोचू. शुक्रवारी निघून शनिवारी घरी. मध्ये कुठे उतरायचं नाही, एवढंच."

पेन्सिलच्या बाबांनी आढेवेढे घेतले. "दोघीच? आणि तेही पॅसेंजरनं? मी काय कमी प्रवास करतो? दिवसाला दोनशे वेळा करतो. पण वर-खाली. संध्याकाळी घरी येतो." शेवटी प्रत्येक मोठ्या स्टेशनावरून फोन करायच्या बोलीवर ते तयार झाले आणि निघायच्या दिवशी स्वतःच अर्धा डझन अंडी उकडून घेऊन आले.

गाडी अडीचला सुटली. डबा अर्धा रिकामा होता. लाकडी बाकांवर ऊन पडलं होतं. शहर संपायला बराच वेळ लागला, आणि मग ते एकदम संपलं. मुंगी खिडकीच्या गजाला गाल लावून बसली. पेन्सिलनं वही उघडली होती. प्रत्येक स्टेशनावर जे दिसेल ते ती काढत होती.

नवव्या स्टेशनाखाली नदी नव्हती. विटांची भट्टी होती आणि एक बाई टोपलीवर बसून गाडीकडे बघत होती. सतराव्यावर पोचायच्या आधी दोघी दारात जाऊन उभ्या राहिल्या. गाडी थांबली. पाण्याची एक गंजलेली टाकी, बंद तिकीटखिडकी, बास. गाडी सुटली तरी दोघी दारातच होत्या.

"दीपस्तंभ काढ," मुंगी म्हणाली.

"कुठे आहे?"

"नाहीये म्हणूनच काढ. तिला काय कळणार आहे?"

"नाही ते मी काढणार नाही. टाकी आहे, टाकी काढीन."

"मग दाखव घरी जाऊन! म्हणावं, सव्वीस वर्षं तू जे बघत होतीस ना, ती ही टाकी."

पेन्सिलनं वही मिटली. पुढची चार स्टेशनं दोघींनी वेगवेगळ्या खिडक्यांतून पाहिली. बाहेर संध्याकाळ शेतांवर उतरत होती आणि काचेत दोघींचे चेहरे उमटायला लागले होते. शेवटी मुंगीनं एक अंडं सोललं, निम्मं पेन्सिलपुढे धरलं. पेन्सिलनं ते घेतलं. तिसावं स्टेशन दोघी झोपेत असताना निघून गेलं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजून दहा मिनिटांनी गाडी एका मातीच्या उंचवट्यापाशी थांबली. रूळ तिथेच संपले होते. चार-पाच माणसं उतरली, पांगली. इंजिनही गप्प झालं. इतकी शांतता दोघींनी कधी ऐकली नव्हती. फलाटावर दोन बाकं होती आणि एक झाड. त्यापलीकडे नुसतं गवत, कंबरेएवढं, वाऱ्यानं एका बाजूला कलणारं, नजर पोचेल तिथवर. ते बघताना मुंगीला वाटलं की आपण अजून चालतोच आहोत, फक्त गाडी मागे राहिली आहे.

तिनं फोन लावला. आईनं आत्याकडे दिला.

"पोचलो," मुंगी म्हणाली. "आत्या, नवव्या स्टेशनावर ना..."

"बाकीचं राहू दे," आत्या म्हणाली. "तिथलं सांग."

मुंगीनं फोन पेन्सिलकडे दिला.

पेन्सिलनं आजूबाजूला नीट पाहिलं, मोजणी करायच्या आधी पाहतात तसं. "दोन बाकं आहेत," ती म्हणाली. "एकाचा पाय मोडलाय, खाली वीट लावली आहे. एक झाड आहे. समोर गवतच गवत. आणि एक शेळी आहे. रुळांच्या मधोमध बसली आहे."

पलीकडून फक्त मशिनांची घरघर ऐकू आली.

"आत्या?"

"शेळी कुठल्या रंगाची?"

"पांढरी. कान काळे."

"दोन्ही?"

पेन्सिल फलाटाच्या कडेला गेली, वाकून पाहिलं. "एकच. डावा."

"बरं," आत्या म्हणाली. "आता बसा निवांत. फोन ठेवते." पण तिनं ठेवला नाही. पेन्सिलनं फोन बाकावर ठेवला तरी तो चालूच होता, आणि फोनमधले पैसे संपेपर्यंत तिकडे आत्या वारा ऐकत राहिली.

ती दुपार दोघींनी गवतात काढली. पेन्सिल म्हणाली की कचेरीत पहिल्या दिवशी काय बोलायचं असतं कोण जाणे. मुंगी म्हणाली, "तू बोलू नकोस, नुसती उभी राहा. उंची बघून गप्प बसतील." दोघी हसल्या. मग पेन्सिल रडली, आणि मुंगी तिचं डोकं मांडीवर घेऊन तिच्या केसांतली कुसळं एकेक करून काढत राहिली. आपण शहरात आईच्या मशिनांपाशीच राहणार, हे मुंगीला माहीत होतं. त्याचं तिला इतके दिवस वाईट वाटत होतं. त्या दुपारी वाटलं नाही. का, ते तिला सांगता आलं नसतं.

शनिवारी गाडी शहरात शिरली तेव्हा फलाटावर आत्या उभी होती. इस्त्रीची साडी, हातात पर्स. लोकांचा लोंढा तिच्या दोन्ही बाजूंनी जात होता आणि ती डब्यामागून डबा बघत होती.

"अगं, तू कशाला आलीस?" मुंगी म्हणाली.

"न्यायला," आत्या म्हणाली. मग तिनं पेन्सिलकडे हात पुढे केला. "वही बघू."

पेन्सिलनं मुंगीकडे पाहिलं. मुंगीनं मान डोलावली. आत्यानं वही तिथेच उघडली. गर्दीत उभी राहून एकेक पान बघत गेली. सतराव्या स्टेशनापाशी ती थांबली. टाकीवरून तिनं बोट फिरवलं.

"गंज छान काढलास," ती म्हणाली.

फलाट रिकामा झाला होता. झाडूवाला पहिल्या डब्यापासून झाडत येत होता. आत्यानं वही काखेत धरली, डब्याच्या दांडीला हात लावून पाहिला, आणि कुणाला काही न विचारता पायरीवर पाय ठेवला. मुंगीनं खालून आधार दिला. आत्या आत गेली, खिडकीजवळ बसली, पर्स मांडीवर ठेवली. समोर दोघी बसल्या.

"इथून चढणारा कुठे बसतो साधारण?" तिनं विचारलं.

"जिथे जागा मिळेल तिथे," पेन्सिल म्हणाली.

झाडूवाला आला, तिघींकडे बघून घुटमळला. "आजी, पाय वर घ्या जरा," तो म्हणाला. आत्यानं पाय वर घेतले. त्यानं बाकाखालून अंड्याची टरफलं ओढून काढली आणि तो पुढे गेला.