पाटीवरचं नाव

धुणं भिजवण्यापूर्वी ओदीलियाने वडिलांच्या पायजम्याचा खिसा उलटा केला, तेव्हा त्यातून पाच गोळ्या पडल्या. छोट्या, पांढऱ्या, हृदयविकाराच्या. दोन गोळ्यांना खिशातली लव चिकटली होती. म्हणजे तोंडात जाऊन परत आलेल्या. तिने त्या धुण्याच्या टाकीच्या कठड्यावर ओळीने मांडल्या. सोमवार ते शुक्रवार. नगरसेवक जुवेन्सियो रविवारी येऊन गेला होता.

तो दर रविवारी चर्चमधून सरळ इकडेच यायचा. कॉफी, ताजं चीज आणि पेरूची वडी असा त्याचा ठरलेला वाटा होता.

"कशी आहे तब्येत, अध्यक्षसाहेब?" त्याने नेहमीसारखं विचारलं होतं.

"तुला कशी हवी आहे?" वडील म्हणाले होते.

गावात अजून सगळे त्यांना अध्यक्षच म्हणत. वडील, अन्सेल्मो क्विंतेला, नऊ महिने आणि चौदा दिवस ब्राझीलचे राष्ट्राध्यक्ष होते. त्याआधी ते उपाध्यक्ष होते; दोन्ही गटांना चालणारा, कुणालाच फारसा न खुपणारा मीनास प्रांतातला माणूस म्हणून त्यांना तिथे बसवलं होतं, आणि मग मूळ अध्यक्ष अचानक वारले. प्रत्येक सरकारी कचेरीत अध्यक्षांचा फोटो लावायची पद्धत आहे. वडिलांचा फोटो छापून, काचेत बसून दूरच्या कचेऱ्यांपर्यंत पोचला, तोवर पुढच्या माणसाचा निघालाही होता. पहिल्या भाषणात त्यांनी गावाच्या नदीवर पूल बांधायचं वचन दिलं होतं. कागदावर सहीही केली होती. पैसा उत्तरेतल्या एका धरणाकडे वळला, आणि गाव पुढची चाळीस वर्षं बेनेदितो फराकोच्या तराफ्यावरून नदी ओलांडत राहिलं.

आता पूल झाला होता. त्यात वडिलांचा काही हात नव्हता, पण गावाला ते वचन आठवत होतं.

"उद्घाटन जूनअखेर," जुवेन्सियो म्हणाला. "जुलै लागला की निवडणुकीचे नियम. मग नगराध्यक्षांना तिथे उभंसुद्धा राहता येणार नाही."

"मग उरका की."

"पाटीचं अडलंय, साहेब. तुमचंच नाव सगळ्यांच्या मनात आहे. पण कायदा असा की..."

"जिवंत माणसाचं नाव देता येत नाही. ठाऊक आहे. तो कायदा झाला तेव्हा मी खासदार होतो. हात वर केला होता मी."

जुवेन्सियोने वडीचा तुकडा फिरवून फिरवून पाहिला. "नाहीतर मग फराकोचं नाव पुढे येतंय. नगराध्यक्षांचे सासरे पडतात ते."

"पूल होऊ नये म्हणून जन्मभर भांडला तो."

"हो. पण अकरा वर्षं झाली त्यांना जाऊन."

"बसतो मग नियमात," वडील म्हणाले. त्यांनी मांडीवरचा रुमाल चार घड्या करून ताटलीशेजारी ठेवला. "किती दिवस आहेत?"

"सहा आठवडे."

वडिलांनी मान हलवली. फाईल ठेवून जा, बघतो, असं सांगताना ते हलवत तशी.

ओदीलियाने कठड्यावरच्या गोळ्या मुठीत घेतल्या आणि टाकीत सोडल्या. मग हात पुसून डबीतली नवी गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन ती त्यांच्या खोलीत गेली. ते खिडकीशी बसले होते. समोर तराफ्याची जुनी साखळी गंजत पडली होती.

"पपा, जुवेन्सियोचा फोन आला होता. ठराव झाला. फराकोचं नाव."

ते वळले. "एकमताने?"

"एकमताने."

"या गावात एकमताने गटाराचं झाकणसुद्धा बसलेलं नाही, ओदीलिया."

तिने गोळी पुढे केली.

"एका पाटीसाठी, पपा?"

त्यांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. चुकीच्या सभागृहात कुणी प्रश्न विचारावा, तसं.

"हो," ते म्हणाले. "पाटीसाठीच समज."

मग त्यांनी तोंड उघडलं. गोळी गेली, पाणी गेलं. तिने जीभ वर करून दाखवायला लावली, तीही त्यांनी दाखवली.

"तू माझ्या मंत्रिमंडळात असतीस," ते म्हणाले, "तर वर्ष तरी पुरं केलं असतं मी."

दुपारी ती जुवेन्सियोच्या पशुखाद्याच्या दुकानात गेली.

"नाव फराकोचं द्या," ती म्हणाली. "आजच ठरवा आणि सगळ्यांना सांगा."

"अहो ताई, घाई काय आहे? अजून पाच आठवडे..." आपण काय बोललो ते जुवेन्सियोच्या कानांवर पडलं, आणि तो आधीच सरळ असलेली पोती सरळ करू लागला.

"कुटुंबाची हरकत नाही, असं लिहून आणलंय."

पत्र वडिलांच्या जुन्या, वर राजमुद्रा उठवलेल्या कागदावर होतं. त्यातले दोनच उरले होते; आता एक राहिला. जुवेन्सियोने ते दोनदा वाचलं.

"साहेबांना वाईट वाटेल."

"वाटू दे," ती म्हणाली. "वाटायला ते असतील तरी."

पुढचे पाच आठवडे ती रोज जीभ बघत होती आणि रोज पायजम्याचे खिसे उलटे करत होती. खिसे रिकामे निघत. वडील जेवत होते, वर्तमानपत्र वाचत होते, राज्यपालाच्या व्याकरणाला हसत होते. तब्येत मात्र उतरत चालली होती. डॉक्टर म्हणाले, त्र्याण्णव वर्षं म्हणजे काही थोडी नव्हेत. अगदी सुरुवातीला, एकदाच, त्यांनी काही मागितलं होतं: शपथविधीचा काळा कोट कपाटातून काढून पलंगाशेजारच्या खुंटीला लाव. उद्घाटनापर्यंत त्याचा डांबरगोळ्यांचा वास तरी जाईल.

"येणार तुम्ही?" तिने विचारलं होतं.

"बोलावलंय, तर जायला हवं."

उद्घाटनाच्या सकाळी नदीवर धुकं होतं आणि जूनमधली, तिकडच्या ऐन हिवाळ्याची थंडी बोचत होती. कोटात आताचे वडील आणि आणखी एखादा माणूस मावला असता. चाकाच्या खुर्चीत बसवून तिने त्यांना पुलाच्या तोंडाशी नेलं. बँडवाले तोंडाच्या वाफेने बोटं गरम करत होते. नगराध्यक्षांनी पडदा ओढला. बेनेदितो फराको, आणि खाली बारीक अक्षरांत सगळे नगरसेवक. गर्दी पाटीकडे न बघता वडिलांकडे बघत राहिली.

टाळी पहिल्यांदा त्यांनीच वाजवली. मग सगळ्यांनी.

"माणूस वाईट नव्हता," ते ओदीलियाला म्हणाले. "तुझ्या आईला पुराच्या दिवशी फुकट पलीकडे नेलं होतं. माझ्याकडून मात्र पूर्ण भाडं घेतलं. अध्यक्ष होतो तेव्हाही."

"पूल छान झालाय, पपा."

"हो. भक्कम वाटतो."

वाऱ्याने त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. रुमाल असेल म्हणून तिने त्यांच्या कोटाच्या खिशात हात घातला.

रुमाल नव्हता. तळाशी बोटांना काहीतरी लागलं. छोटं, गोल, गालातल्या ओलीने एकमेकांना चिकटून वाळलेलं. तिने हात बाहेर काढला नाही. आतल्या आतच ती चाचपत राहिली. मूठभर होत्या. पाच आठवड्यांच्या असाव्यात, तेवढ्या.

वडील पाटीकडे बघत नव्हते. पलीकडच्या काठावर, पूल जिथे धुक्यात शिरत होता, तिकडे बघत होते.

बँडने राष्ट्रगीत धरलं.

"उभं राहायला हवं," ते म्हणाले.

तिने खिशातून हात काढला, आणि दोन्ही हात त्यांच्या काखेत घालून त्यांना उचललं. काहीच जोर लागला नाही.